काळवंडलेले गाल, काळी मान : घासू नका, साखर तपासा



गेल्या वर्षावासात राजारामपुरीतल्या आमच्या महिला मंडळाने रविवारच्या वंदनेनंतर विहारात रक्तदाब आणि साखरेची तपासणी ठेवली होती. सतरंजीवर मशीन मांडून मी बसले होते. एक आई आपल्या दहावीतल्या मुलीला हाताला धरून पुढे घेऊन आली. उकाडा असूनही मुलीने ओढणी गळ्याभोवती गच्च गुंडाळलेली.

आई म्हणाली, "सिस्टर, हिला जरा चार शब्द सांगा. आंघोळ नीट करत नाही. मान बघा कशी झालीय. आता गालावर पण चढलंय."

मुलगी खाली बघून पुटपुटली, "रोज घासतोय की मी. घासणीनं पण घासलो. जाईनाच झालंय."

ओढणी बाजूला केली. मानेवर काळा, जाडसर पट्टा होता आणि त्यावर घासणीचे लाल ओरखडे. दोन्ही गालांच्या हाडांवर आणि कानशिलांजवळ तशीच काळी छटा. बोट फिरवले तर कातडी मखमलीसारखी जाड लागत होती. शाळेत बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभे करून "मान धुऊन ये" म्हटले होते. त्या दिवसापासून ही ओढणी.

मी आईची मान पाहिली. तिथेही तोच पट्टा होता. मुलीच्या आधी आईचे बोट टोचले. न्याहारी होऊन दोन तास झाले होते आणि साखर २३० निघाली. तोवर तिला मधुमेहाची कल्पनाही नव्हती.

माझ्या घरातली गोष्ट

हे मी आज ओळखते, पण ज्या दिवशी ओळखायला हवे होते त्या दिवशी ओळखले नाही. माझ्या आईची मान आणि गाल असेच काळे होते. आजी तिला वजरीने घासायची, हळद-बेसन लावायची. "उन्हात राबून करपली," असे सगळे म्हणायचे. मी जीएनएमचा डिप्लोमा घेऊन घरी आले, रुग्णालयात रोज मधुमेहाच्या पेशंटना इंजेक्शने देत होते, पण आईच्या मानेकडे मी मुलगी म्हणून बघत होते, नर्स म्हणून नाही. पायाला झालेली जखम महिनाभर भरेना तेव्हा साखर तपासली. ती चारशेच्या वर होती. अंगठा गेला, मग पाऊल गेले. पन्नाशी ओलांडून दोनच वर्षे झाली होती तिला.

तिच्या मानेवर तो पट्टा निदान दहा-बारा वर्षे होता. म्हणून हा पाठ लिहीत आहे. आपल्या समाजाला अस्वच्छतेच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले, त्यामुळे 'मळ' हा शब्द आपल्याला फार झोंबतो. आपण लेकरांना जास्तच घासतो. पण हा डाग साबणाने जाणारा नाही. तो शरीराच्या आतल्या कारभारातून आलेला आहे.

याला काय म्हणतात आणि हा मळ का नाही

डॉक्टर याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. मान, काखा, जांघा, कोपर, बोटांची पेरे इथे तो आढळतो. आपल्याकडे चेहऱ्यावरही पुष्कळ दिसतो : कानशिले, गालांची हाडे, कपाळाची कड, कधी ओठांभोवती. कातडी काळसर, जाड आणि मऊसर खरखरीत होते. बारीक रेषा उठून दिसतात. जवळपास छोटे लोंबते चामखीळही येतात. खाज सहसा नसते. हा संसर्ग नाही. एका ताटात जेवल्याने, एका उशीवर झोपल्याने तो कोणाला लागत नाही.

घरी ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून डागावर हलकेच फिरवा. साचलेला थर असेल तर बोळा काळा होतो आणि खालची कातडी स्वच्छ दिसते. या डागात काही फरक पडत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. हा काळेपणा मुख्यतः रंगद्रव्य वाढल्याने आलेला नसतो. कातडीचा वरचा थर जाड होतो, त्याला बारीक घड्या पडतात आणि म्हणून ती काळी दिसते. तेव्हा गोरे करण्याच्या क्रीमने यावर काम होत नाही. वजरी, घासणी, विटेचा तुकडा यांनी तर कातडी चिडते आणि आणखी काळवंडते.

चयापचय : गुळाच्या गोदामाचे उदाहरण

खाल्लेल्या अन्नाचे शरीर काय करते, कुठे साठवते, कसे जाळते या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौदे आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत. काहींच्या घरची माणसे तिथे हमालीही करतात. तेच उदाहरण घेऊ.

भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ या सगळ्याची पोटात साखर होते आणि ती रक्तात येते. रक्त म्हणजे रस्ता. साखर ठेवायची मोठी गोदामे दोन : आपले स्नायू आणि यकृत. रस्त्यावरचा माल उचलून गोदामात नेणारा हमाल म्हणजे इन्सुलिन. पोटातल्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीतून तो येतो.

गोदाम आधीच भरलेले असेल, दारात चरबीची पोती अडकली असतील, स्नायू कमी असतील किंवा काम न केल्याने माल खपतच नसेल, तर हमालाला दार उघडत नाही. माल रस्त्यावर पडून राहतो. मग स्वादुपिंड आणखी हमाल पाठवते. दोनाचे चार, चाराचे आठ. इतके हमाल लागल्यावर माल कसाबसा आत जातो. या अवस्थेत रक्तातली साखर तपासली तर ती 'नॉर्मल' येऊ शकते, पण इन्सुलिन मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त झालेले असते. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आपण त्याला 'इन्सुलिनला दाद न देणे' म्हणू.

रस्त्यावर झालेली ही हमालांची गर्दी मग भलत्याच दारांवर थाप मारते. कातडीच्या पेशींवर वाढीचा हुकूम घेणारी दारे असतात. ती दुसऱ्या एका संप्रेरकासाठी असतात, पण इन्सुलिन फार वाढले की तेही त्या दारातून शिरते. कातडीच्या पेशींना वाटते, वाढायचा हुकूम आला. त्या भराभर वाढतात, थर जाड होतो आणि मान व गाल काळवंडतात. तीव्र स्वरूपाच्या अशा डागांचा इन्सुलिनशी असलेला संबंध १९७६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिला. त्यानंतर जगभर तो पक्का झाला.

वर्षे जातात, स्वादुपिंड थकते, हमाल कमी पडू लागतात. मग साखर रस्त्यावरच राहते. तो मधुमेह. म्हणजे कातडीवरचा डाग पुष्कळदा मधुमेहाच्या कितीतरी आधी येतो. माझ्या आईला जी दहा-बारा वर्षे मिळाली होती, ती हीच.

"पण मी तर बारीक आहे!"

वस्तीत हे वाक्य फार ऐकू येते. याचे उत्तर आपल्या पुण्यातच सापडले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडच्या साऊथहॅम्प्टनमधली सुमारे ३.५ किलोची. पण आपल्या बाळांच्या अंगात कमी होते ते स्नायू. चरबी त्यामानाने टिकून होती. दिसायला लहान, आतून चरबीदार.

२००४ साली याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचेच मोजमाप छापले. दोघांचा उंची-वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, सारखाच होता : २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याचा अर्थ असा की आपले गोदाम जन्मापासूनच लहान आहे. आई उपाशी राबली, तिच्या पोटातले बाळ काटकसरीने वाढले आणि पुढे त्याच्या ताटात रेशनचा तांदूळ, पाव आणि गोड चहा भरपूर पण डाळ-अंडी कमी आली, तर लहान गोदामात माल मावणार कसा? मधुमेह हा श्रीमंतांचा आजार आहे, हा समज आता सोडून द्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या वेदना सोसत त्यांनी अखेरची वर्षे काम केले. त्या काळात उपाय थोडे होते. आज ते वस्तीच्या आरोग्य केंद्रात आहेत.

वजनकाट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर बाईचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर असेल, तर हातपाय काटकुळे असले तरी तपासणी करा.

वांग आहे की हे?

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग साखरेचा नसतो. वांग सपाट आणि तपकिरी असतो. गाल, नाक, वरचा ओठ यांवर नकाशासारखा पसरतो. ऊन, गरोदरपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या यांनी वाढतो. बोट फिरवले तर कातडी नेहमीसारखीच लागते. मुरमांचे डाग ठिपक्याठिपक्यांचे असतात. आपण बोलतो आहोत तो डाग जाडसर असतो, हळूहळू पसरतो आणि बहुधा मान किंवा काखेतही त्याची जोडी असते. म्हणून गाल बघताना मान बघायला विसरू नका. दोन्ही प्रकार एकाच चेहऱ्यावर असू शकतात. शंका असेल तर सीपीआरच्या त्वचारोग विभागात दाखवा.

ट्यूबचा धंदा

अशा डागासाठी वस्तीतल्या बाया प्रथम डॉक्टरकडे जात नाहीत. त्या मेडिकलवर किंवा पार्लरमध्ये जातात आणि पन्नास-शंभराची ट्यूब घेऊन येतात. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. चार-आठ दिवस चेहरा उजळ वाटतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरमे आणि लव येते, ऊन लागले की आग होते. लावणे बंद केले की चेहरा भडकतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन असे नाव असेल तर ते स्टिरॉइड समजा. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला आहे. दुकानदाराला तो नियम सांगा. महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका. त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवून, त्यांच्या सल्ल्याने सोडा.

कंपनीचा पत्ता नसलेली गोरेपणाची क्रीम त्याहून वाईट. काहींमध्ये पारा असतो. कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला आपल्या देशात बंदी आहे, तरीही केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे रोगी सापडले. रंगाच्या लाजेपायी मूत्रपिंड घालवू नका.

कोणती तपासणी करावी

तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारा. मूल लहान असेल आणि मान-गालावर हा डाग असेल तर तिशीची वाट बघू नका. "मानेवर काळा पट्टा आहे, साखर तपासायची आहे," असे स्पष्ट सांगा.

आकडे कापून फ्रिजवर किंवा भिंतीवर लावा :

- उपाशीपोटी साखर : १०० च्या आत ठीक. १०० ते १२५ उंबरठा. १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी : १४० च्या आत ठीक. १४० ते १९९ उंबरठा. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी : ५.७ च्या आत ठीक. ५.७ ते ६.४ उंबरठा. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

त्रास नसेल आणि आकडा वर आला तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. आणखी एक खबरदारी : आपल्या बायकांत रक्त कमी असण्याचे प्रमाण मोठे आहे. लोह कमी असेल तर एचबीए१सी चुकीचा येऊ शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखरही बघा. रक्तदाब, चरबी आणि थायरॉइड याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

गोदाम मोकळे कसे करायचे

मलमाने डाग थोडा फिका होईल. मुळावर इलाज म्हणजे इन्सुलिन खाली आणणे. त्याची सुरुवात चुलीपासून करू.

*चहा.* एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाचे पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. पहिल्या आठवड्यात दोनाचा एक चमचा करा, मग अर्धा. जीभ तीन आठवड्यांत सरावते. चहात बुडवायचे बटर आणि खारी मैद्याचे, तेही कमी करा.

*गूळ.* आपण कोल्हापूरकर इथे हमखास फसतो. "साखर बंद केली, गूळ खातो." गूळही बहुतांश साखरच आहे. रक्तात गेल्यावर इन्सुलिनला दोन्ही सारखेच. उसाचा रसही त्यातलाच.

*भात.* भात सोडा असे मी म्हणणार नाही. रेशनवर तोच मिळतो. पण ताटातला ढीग निम्मा करा आणि मोकळ्या जागी डाळ, मटकी, हुलगा, चवळी, अंडे, सुकट, पालेभाजी घ्या. आधी उसळ-भाजी चार घास, मग भात. साखर हळू चढते. एक वेळ ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवा. सोयाबीनचे वडे स्वस्त आहेत आणि स्नायूंना लागणारे प्रथिन देतात.

*चालणे.* "सिस्टर, चार घरची धुणीभांडी करतो, आणि वर चालायचं?" हे मी रोज ऐकते आणि ते खरे आहे. तुमचे कष्ट मोजलेच पाहिजेत. पण भांडी घासताना हात चालतात, मांड्यांचे मोठे स्नायू नुसते उभे राहतात. मोठी गोदामे तिथेच आहेत. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे भरभर चाला. कामावर जाताना एक स्टॉप आधी उतरा. जमेल त्यांनी सकाळी विद्यापीठाच्या आवारात जा, चौघी मिळून गेलात तर खंड पडत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे हे ध्येय. खुर्चीवरून दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा, हा फुकटचा व्यायाम.

*झोप.* अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनला दाद मिळत नाही. रात्री मोबाईल बाजूला ठेवा.

याचा खरेच उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर सुमारे तीन वर्षे अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. फक्त खाणे आणि चालणे सुधारल्याने मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला. वजन जास्त असेल तर पाच-सात टक्के कमी झाले तरी फरक पडतो. सत्तर किलोच्या बाईने चार-पाच किलो उतरवणे पुरेसे आहे. डाग मात्र सावकाश फिका होतो. सहा महिने, वर्षही लागते. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. शेजारणीची गोळी खाऊ नका.

मुलींच्या आयांसाठी

मान-गाल काळे, त्यात पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस, न हटणारी मुरमे, असे एकत्र असेल तर ते पीसीओएस असू शकते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयावरही थाप मारते. त्यावर इलाज आहे. "लग्न झालं की होईल नीट" म्हणून बसू नका. आणि 'काळी', 'मळकट' हे शब्द घरातून आधी हद्दपार करा. लाजेने मुलगी ओढणीआड जाते आणि आजारही ओढणीआड राहतो.

लगेच डॉक्टरकडे कधी जावे

उतारवयात किंवा बारीक माणसाला हा डाग अचानक येऊन भराभर पसरला, तळहात, ओठ किंवा तोंडाच्या आत उठला, सोबत वजन झपाट्याने उतरू लागले, तर थांबू नका. क्वचित पोटातल्या कॅन्सरची ही खूण असते. काही औषधांनीही डाग येतो, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी बरोबर न्या.

त्या मायलेकींचे पुढे काय झाले

मुलीचे हिमोग्लोबिन ९.४ निघाले, म्हणून डॉक्टरांनी एचबीए१सीवर विसंबून न राहता ग्लुकोजची तपासणी केली. उपाशीपोटी १०८, दोन तासांनी १५२. ती उंबरठ्यावर होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, घासणी बंद झाली. आईच्या गोळ्या चालू आहेत. दोघी रात्री जेवून गल्लीतून चालतात. दहा महिने झाले. गालावरची छटा बरीच उतरली आहे, मानेचा पट्टा अजून आहे, पण कातडी मऊ झाली आहे. परवा ती विहारात आली तेव्हा ओढणी खांद्यावर होती. मी तिच्या शाळेतल्या बाईंनाही भेटले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी दोन मुलींना माझ्याकडे पाठवले.

मंडळात पाठ वाचल्यावर बोलण्यासाठी

१. आपल्या घरात कोणाची मान, कानशिले किंवा गाल असे काळवंडले आहेत? त्यांची साखर शेवटची कधी तपासली?
२. घरातल्या प्रत्येकाच्या चहात दिवसभर किती चमचे साखर जाते? आज मोजा.
३. चेहऱ्याला लावायची ट्यूब घरात आहे का? तिच्यावर काय लिहिले आहे, पुढच्या बैठकीला आणून वाचू या.
४. रात्री जेवणानंतर चालायला बरोबर कोण कोण येणार? नावे लिहून घ्या.

जयभीम.